गाडीला मागाहून क्रूझ कंट्रोल: नागपूरकरांनी काय बघावं, काय विचारावं

समृद्धीवर शिवमडक्याहून गाडी चढवली की थोड्याच वेळात लक्षात येतं, उजव्या पायाला काम काहीच नाही, पण सुट्टीही नाही. रस्ता सरळ, सिग्नल नाही, दुचाकी आणि ऑटोला बंदी. पाय मात्र एक्सलेटरवर त्याच कोनात धरून बसायचं. सेलडोह गेलं, येळाकेळी गेलं, घोटा आखडला, तरी धरायचं. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा तुकडा जोडून रस्ता पूर्ण ७०१ किलोमीटरचा झाला. तेव्हापासून मधलं किंवा बेसिक मॉडेल घेतलेली ओळखीची मंडळी एकच विचारतात, "क्रूझ, म्हणजे पाय न लावता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय, मागून बसवता येतं का हो?"

येतं. काही गाड्यांत कंपनीचाच एक स्विच लावून काम होतं, काहींना वेगळं किट लागतं, आणि काही गाड्यांना बसवू नये. आपली गाडी यातली कोणती हे कसं ओळखायचं आणि काम चालू असताना मॅकॅनिकच्या शेजारी उभं राहून काय बघायचं, ते सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. वेग धरून ठेवणं सोपं आहे, ते कुठलंही स्वस्त किट करतं. ब्रेकला पाय टेकताक्षणी सोडून देणं हे खरं काम. पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहिलंय.

आत काय चालतं

आजकालच्या गाड्यांत एक्सलेटरपासून इंजिनापर्यंत तार जात नाही. पेडलला सेन्सर असतो, तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, पाय किती दाबलाय ते सांगतो आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, उघडायचं काम ईसीयू करतो. क्रूझ चालू केलं की ईसीयू पेडलऐवजी वेगाकडे बघायला लागतो. वेग घसरला की थोडं जास्त उघडायचं, वाढला की मिटायचं. एवढंच. चढावर गाडी जोर लावते, पण उतारावर वेग वाढला तर साधं क्रूझ ब्रेक मारत नाही, आणि पुढे ट्रक आला तर त्याला ते दिसतही नाही. समोरचं वाहन बघून आपोआप हळू होणारं क्रूझ वेगळं. त्याला रडार किंवा कॅमेरा आणि ब्रेकवर ताबा असलेली यंत्रणा लागते. ते मागाहून बसवून देतो म्हणणाऱ्या दुकानातून चहा पिऊन निघून यावं.

(ही कल्पना राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याची. १९५०मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १९५८मध्ये क्रायस्लरनं ते गाडीत दिलं. टीटर लहानपणापासून अंध होता. ज्याला रस्ता दिसत नव्हता, त्यानंच हे सुचवलं.)

पहिली पायरी: दुकानात जायच्या आधी घरी

पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च घेऊन ड्रायव्हरच्या पायाशी वाका. एक्सलेटर पेडलच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात वायरींचा कपलर दिसला, तर पेडल इलेक्ट्रॉनिक आहे. स्टीलची केबल भिंतीतून इंजिनाकडे जाताना दिसली, तर जुन्या पद्धतीची. १ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ गाडीत बहुतेक कपलरच सापडेल.

केबलवाली गाडी असेल तर माझा सल्ला सरळ आहे: बसवू नका. त्यासाठी मोटरनं किंवा व्हॅक्यूमनं केबल ओढणारी किट असतात आणि परदेशात ती वर्षानुवर्षं वापरली गेली. पण नीट बसवणारा हात इथे मिळणं कठीण, आणि बिघाड झाला तर एक्सलेटर ओढलेल्या अवस्थेत अडकू शकतो.

पेडल इलेक्ट्रॉनिक निघालं की कंपनीच्या वेबसाइटवरून आपल्या गाडीचं ब्रोशर काढा. नवं नव्हे, आपली गाडी ज्या वर्षाची त्या वर्षाचं. त्यात बघायचं एवढंच, की याच इंजिनाच्या आणि याच गिअरबॉक्सच्या वरच्या मॉडेलला क्रूझ दिलंय का. पेट्रोल ऑटोमॅटिकला आहे आणि तुमची डिझेल मॅन्युअल आहे, तर ते उत्तर तुमच्या कामाचं नाही. तंतोतंत जुळलं, तर तुमच्या ईसीयूमध्ये क्रूझ आधीपासून झोपलेलं असण्याची शक्यता चांगली. खर्च वाचवायला कंपन्या अनेकदा ईसीयू तोच ठेवतात आणि खालच्या मॉडेलमधून फक्त बटणं काढतात.

आता स्टेअरिंग बघा. डावीकडे आवाजाची बटणं आणि उजवीकडे त्याच आकाराचं कोरं प्लॅस्टिक असेल, तर ती जागा क्रूझच्या बटणांची. सगळ्या कंपन्यांची रीत एक नसते. पोलो, व्हेंटो, रॅपिड यांत ही कळ इंडिकेटरच्या दांडीवर येते, म्हणून दांडीच बदलावी लागते. टोयोटाच्या काही गाड्यांत स्टेअरिंगला उजवीकडे वेगळी छोटी दांडी बसते.

दुसरी पायरी: स्कॅनर लावून बघा

हे काम पैसे देण्याआधी करून घ्या. स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, ओबीडीचा, म्हणजे गाडीची कॉम्प्युटर तपासणी करायचा, सोळा पिनांचा सॉकेट असतो. त्यात स्कॅनर लावून इंजिनाचा लाइव्ह डेटा उघडायला सांगा. यादीत ब्रेक स्विच, क्लच स्विच, वेग आणि पेडलची स्थिती एवढं शोधायचं. ब्रेकवर हलकेच पाय ठेवा. स्क्रीनवर ऑफचं ऑन झालं पाहिजे. पाय काढला की परत ऑफ. मग क्लच. मॅन्युअल गाडीत क्लच स्विचची ओळच दिसत नसेल किंवा पेडल दाबूनही ती हलत नसेल, तर तिथे थांबा. आधी ते दुरुस्त करा किंवा पेडलवर स्विच आहे का ते शोधा.

क्लचवर एवढा जोर का, ते सांगतो. क्रूझ चालू असताना तुम्ही क्लच दाबला आणि यंत्रणेला ते कळलं नाही, तर तिच्या लेखी गाडीचा वेग पडतोय. ती थ्रॉटल उघडते. चाकांशी नातं तुटलेलं इंजिन मग आरपीएम मीटरच्या लाल पट्ट्याकडे झेपावतं. भर रस्त्यात अचानक इंजिन ओरडलं की नवखा माणूस घाबरतो आणि घाबरून काय दाबेल त्याचा नेम नसतो.

म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नाही. "भाऊ, क्लचचा सिग्नल कुठून घेणार?" असं विचारा. "क्लच का जरूरत नहीं पडता, भैया" असं उत्तर आलं आणि गाडी मॅन्युअल असेल, तर दुकान बदला.

लाइव्ह डेटात पेडलचे दोन आकडेही दिसतील. एकाच पेडलवर दोन सेन्सर असतात. काही गाड्यांत दुसऱ्याचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा चालतो. ईसीयू दोघांचे आकडे सतत ताडून बघत असतो आणि हिशेब जुळला नाही तर इंजिनाची ताकद आवळून गाडी रखडत चालवतो. या वायरींना कोणी कटर लावू नये, त्याचं कारण हे.

तिसरी पायरी: कंपनीचा स्विच बसवताना

हाच रस्ता मला सगळ्यात पसंत आहे. ब्रेक, क्लच, गिअर, सगळं ईसीयूला आधीच माहीत असतं. आपण फक्त बोटासाठी बटण देतो. वरच्या मॉडेलच्या बटणाचा पार्ट नंबर काढून सुटे भाग विकणाऱ्या दुकानातून कंपनीचा माल मागवा. दिसायला हुबेहूब असणारा लोकल स्विच घेऊ नका. या बटणांच्या आत वेगवेगळे रेझिस्टर असतात. प्रत्येक बटण दाबलं की वेगळा व्होल्टेज जातो आणि त्यावरून ईसीयू 'सेट' कोणतं नि 'कॅन्सल' कोणतं ते ओळखतो. रेझिस्टर चुकीचा असला की कॅन्सल दाबल्यावर भलतंच होऊ शकतं.

बसवताना स्टेअरिंगवरची एअरबॅग काढावी लागते. ही जागा घाई करायची नाही आणि यूट्यूब बघून घरी करायचीही नाही. ज्यानं हे आधी केलंय त्याच्याकडेच करा, आणि शेजारी उभं राहून हा क्रम बघा. चाकं सरळ. इग्निशन बंद. बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. त्यानंतर काही मिनिटं नुसतं थांबणं, कारण एअरबॅगच्या सर्किटमध्ये साठलेली वीज उतरायला वेळ लागतो. किती थांबायचं ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. मॅकॅनिकनं तार काढून लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलला तर त्याला चहा पाजा, वेळ आपोआप जाईल. मग स्टेअरिंगच्या मागच्या बाजूच्या भोकांतून पट्टी दाबून एअरबॅग सैल होते, पिवळा कपलर निघतो. काढलेली एअरबॅग सीटवर ठेवताना तिचं तोंड, म्हणजे हॉर्नची बाजू, वर पाहिजे. पालथी ठेवलेली दिसली तर बिनदिक्कत टोका.

आता टॉर्च मारून क्लॉक स्प्रिंग बघा. स्टेअरिंग फिरत असताना बटणं, हॉर्न आणि एअरबॅग यांच्या वायरी तुटू नयेत म्हणून आत गुंडाळी केलेली चपटी केबल असते, ती ही. खालच्या मॉडेलच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये कधीकधी क्रूझसाठीच्या पट्ट्याच नसतात. कपलरमध्ये जिथे पिन हवी तिथे रिकामं भोक दिसतं. तसं असेल तर क्लॉक स्प्रिंगही वरच्या मॉडेलची लागते आणि त्यासाठी स्टेअरिंगच उतरवावं लागतं. उतरवण्याआधी मधल्या दांड्यावर आणि स्टेअरिंगवर मार्करनं एक रेघ मारून घ्यायची, नाहीतर नंतर सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं दिसतं. नवी क्लॉक स्प्रिंग मधोमध कुलूप लावून येते. ते कुलूप बसवण्याआधी काढून कोणी गंमत म्हणून फिरवली की मध्य हरवला. पुढे एखाद्या यू-टर्नला आतली पट्टी ताणून तुटते आणि हॉर्नही जातो, एअरबॅगही जाते.

सगळं परत जोडल्यावर बॅटरी लावा. काही गाड्या स्विच दाबताच ओळखतात. काहींत स्कॅनरनं ईसीयूला "तुला क्रूझ आहे" असं सांगावं लागतं, याला कोडिंग म्हणतात. फोक्सवॅगन-स्कोडात ते लागतंच. आणि काहींच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय मुळातच नसते, मग स्विच नुसता शोभेचा. म्हणून कोडिंग होईल की नाही हे तोडफोड करण्याआधी त्या मॉडेलवर काम केलेल्या माणसाकडून कळून घ्या.

एक छोटी अडचण राहते. बेसिक मॉडेलच्या मीटरमध्ये क्रूझचा हिरवा दिवा कधीकधी नसतोच. क्रूझ चालतं, पण चालू आहे की नाही ते कळत नाही. मला हे आवडत नाही. दिवा नसेल तर रोज एकच सवय ठेवा, वापर संपला की मेन बटण बंद.

किटचा रस्ता

वरच्या मॉडेलला क्रूझच नसेल तर बाहेरचं किट उरतं. चांगलं किट पेडल आणि ईसीयूच्या मध्ये बसतं. पेडलचा कपलर काढून किटमध्ये, किटचा कपलर ईसीयूच्या वायरिंगमध्ये. तुमच्याच गाडीचे नर-मादी कपलर किटसोबत यायला हवेत. दुकानदार वायर कापून टेप गुंडाळायची भाषा बोलू लागला तर ते किट तुमच्या गाडीचं नाही. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत टेपचा गोंद वितळून वायर उघडी पडायला वेळ लागत नाही. एखादी वायर जोडावीच लागली तर तिथे सोल्डर आणि हीट श्रिंक ट्यूबचा (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) आग्रह धरा, आणि वायरिंग पेडलच्या हालचालीपासून दूर बांधून घ्या.

वेग हे किट कुठून घेणार, हाही प्रश्न विचारा. वेगाचा सिग्नल घेणारं किट म्हणजे खरं क्रूझ. बाजारात थ्रॉटल कंट्रोलर म्हणून मिळणाऱ्या काही डब्यांवरही क्रूझ लिहिलेलं असतं, पण त्यातले काही फक्त पेडलची जागा धरून ठेवतात. सपाटीवर फरक कळत नाही. उड्डाणपुलाच्या चढावर गाडी मरगळते आणि उतरताना सुसाट सुटते. ते घेऊ नका.

ब्रेकचा सिग्नल बहुतेक किट ब्रेकलाइटच्या वायरीतून घेतात. यात एक खाच आहे. काही किटना बल्बच्या तारेतून मिळणारी अर्थिंग लागते. तुम्ही मागचे बल्ब काढून एलईडी लावले असतील तर ते क्रूझ सुरूच होत नाही आणि दुकानदार किट बदलत बसतो. आधीच सांगा.

ट्रायल

ट्रायलला थेट समृद्धीवर जाऊ नका. चढल्यावर पुढच्या इंटरचेंजपर्यंत परत फिरता येत नाही. रविवारी सकाळी आउटर रिंग रोड बरा, शेजारी एखादा माणूस घेऊन.

गाडी उभी असतानाच चालू करा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. न विझला तर बाहेर काढूच नका. हॉर्न, इंडिकेटर आपोआप परतणं, स्टेअरिंगवरचा आवाज, सगळं तपासा. स्कॅनरवर बिघाडाचा नवा कोड नको.

रस्त्यावर ताशी ६०ला सेट करा. बऱ्याच गाड्यांत ४०च्या खाली क्रूझ लागतच नाही, तो बिघाड नाही. आता ब्रेकला पाय फक्त टेकवा, गाडी हळू होईल इतका नाही, ब्रेकलाइट लागेल इतकाच. तेवढ्यावर क्रूझ सुटलं पाहिजे. मग परत सेट करून क्लच. इंजिनाचा काटा किंचित चढून लगेच खाली यावा. ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर न्यूट्रलला नेऊन बघा. मग कॅन्सल बटण, मग मेन बटण. हा सगळा क्रम पुन्हा पुन्हा करा. एकदाही सुटलं नाही तर तिथूनच दुकानात परत. एक गंमतीची बाब: सुटल्यावर क्रूझ आधीचा वेग लक्षात ठेवतं आणि 'रिझ्यूम' दाबलं की तिकडेच धावतं. टोल नाक्यावरून निघताना सवयीनं रिझ्यूम दाबणारे असतात.

रस्त्यावर

समृद्धीवर सपाट भागात कारची मर्यादा ताशी १२०. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाडीत ८०च्या वर अधूनमधून आणि १२०च्या वर सतत पीं-पीं वाजते, तो आवाज क्रूझचा नव्हे. मी १००वर सेट करावं म्हणेन. उन्हाळ्यात तापलेल्या सिमेंटवर टायर नरमतात, आणि टायर जुने असतील तर क्रूझ बसवण्याआधी ते पैसे टायरवर घाला.

पावसात बंद. साचलेल्या पाण्यावर चाक तरंगलं की क्रूझला काय झालंय ते कळायच्या आत इंजिन चाक फिरवत राहतं. रात्री रोही आणि रानडुकरांच्या पट्ट्यात, देवलापारच्या जंगलाकडे किंवा कुंपण तुटलेल्या ठिकाणी, पाय ब्रेकवर असणं बरं. कसाऱ्याच्या बाजूच्या घाटात मर्यादाही कमी आणि उतारही. वाडीपर्यंतच्या अमरावती रोडवर किंवा कामठी रोडवर तर कोणी लावूच नये.

पाय मोकळा झाला की झोप लवकर येते. समृद्धीवरच्या अपघातांवर बोलताना रस्त्याच्या एकसुरीपणाचा उल्लेख वारंवार होतो, आणि क्रूझ त्या एकसुरीपणात भर घालतं. दीड तासानं उतरायचंच, भूक नसली तरी.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील बदलतील असा फेरफार करता येत नाही. क्रूझमुळे इंजिन, रंग, आसनं, यातलं काही बदलत नाही. वॉरंटीचा प्रश्न वेगळा. वायर कापलेली दिसली की सर्व्हिस सेंटर इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारू शकतं. कंपनीचा स्विच कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये, बिलावर लिहून बसवून घेतला तर वाद कमी. बाहेरचं महागडं किट असेल तर विमा कंपनीला कळवा. इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीचं कव्हर आयएमटी-२४ या कलमाखाली थोडा जादा हप्ता भरून मिळतं.

जुना स्विच, जुनं कोरं प्लॅस्टिक, जुनी क्लॉक स्प्रिंग दुकानात सोडू नका, पिशवीत घालून घरी आणा. पुढे कधी एअरबॅगचा दिवा लागला तर दोष नव्या भागात आहे की गाडीत, हे जुना भाग लावून बघितल्यावर चटकन कळतं.